दोन दाती, चार सिलिंडर

आमच्या जाफराबादेत गाडी किती पळते हे कुणी किलोमीटरमध्ये विचारत नाही. "जालना किती वेळात?" एवढंच विचारतात. सांगणारा जितका तरुण, तितकं जालना जवळ येतं. माझ्या मास्तरकीच्या सुरुवातीला ते एसटीने अर्ध्या दिवसाचं काम होतं. दाजींच्या जीपने ते दीड तासावर आणलं. आता माझा भाचा आणि त्याचे दोस्त टपरीवर चहा पिता पिता ते पाऊण तासावर आणून ठेवतात. रस्त्याची लांबी आहे तेवढीच आहे आणि गतिरोधक वाढलेत. पण असं बोलून दाखवणारा माणूस म्हातारा ठरतो, म्हणून मी नुसता चहा पितो.

हा भाचा एका रविवारी सकाळी मोबाइल घेऊन आला. चेहऱ्यावर मुली पाहून आलेल्या पोराचं लाजरं हसू. "मामा, दोन आहेत. दोन्ही मनात भरल्यात. आता तुम्हीच सांगा."

मी चष्मा लावला. पडद्यावर दोन ऑक्टाव्हिया गाड्या. दोन्ही २०१५ च्या, दोन्ही सेकंडहँड. पांढरी पेट्रोल, करडी डिझेल. करडी लाखभराने महाग.

"फरक काय दोघींत?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलो ना."

पैसा कुठून आला ते आधी सांगतो, नाहीतर लोक भलतीच शंका घेतात. जाफराबाद-देऊळगाव राजाच्या पट्ट्यात रस्त्याने निघालं की शेताशेतात शेडनेट दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी. पण भाजीसाठी नव्हे, बियाण्यासाठी. बायका एकेका फुलाला हाताने पराग लावतात, त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. बी निघालं की ते बियाणे कंपन्यांकडे जातं. तिथे आधी उगवण पाहतात, मग जीओटी, म्हणजे बी प्रत्यक्ष पेरून वाण शुद्ध निघतो का ते तपासायचं. पास झालं तर पैसे, नापास झालं तर सारं मुसळ केरात. शेतकरी महिनोन्‌महिने या निकालाकडे डोळे लावून बसतो. एवढी धाकधूक असलेलं दहावीचं पोर मी सबंध नोकरीत पाहिलं नाही. यंदा भाच्याचे दोन्ही प्लॉट पास झाले, आणि पास झालेल्या पोराला बापाने सायकल घेऊन द्यावी तसं त्याने स्वतःच स्वतःला गाडी घेऊन द्यायचं ठरवलं.

ताईचं मत सरळ होतं. "नेट दोन जागी फाटलंय, ते आधी बदल." ते कुणी ऐकलं नाही. घरात सरळ मताला किंमत नसते.

ऑक्टाव्हियाच का, हेही मला कळत होतं. जालन्याहून संभाजीनगरला जाताना शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथे स्कोडाचा कारखाना आहे आणि २००१ पासून ऑक्टाव्हिया तिथे जोडली जायची. कंपनी झेक, नाव लॅटिन, माहेर शेंद्रा. एसटीच्या खिडकीतून शेंद्रा बघत बघत आमच्याकडची एक अख्खी पिढी कॉलेजला गेली. त्यात २०१० चा ऑक्टोबर. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. मराठवाडा म्हणजे टँकर एवढंच ठाऊक असलेल्या लोकांना केवढं आश्चर्य वाटलं! आम्हाला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. माल घाऊक घेतला की भाव कमी लागतो, हे पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात शेंबड्या पोरालाही कळतं; मर्सिडीजच्या बाबतीत ते सुचायला २०१० उजाडावं लागलं. भाचा तेव्हा शाळेत होता. त्याने वर्तमानपत्रातला तो फोटो कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला होता. वही मीच तपासली होती. शेरा काय दिला ते आठवत नाही.

पण मर्सिडीज त्याला नको होती. त्याला 'पळणारी' हवी होती. आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ. पांढरी १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १८० अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर. करडी २ लिटर टर्बो डिझेल, १४३ अश्वशक्ती, ३२० न्यूटन मीटर. अश्वशक्ती मला शिकवून माहीत होती, न्यूटनही ओळखीचा, पण हे न्यूटन मीटर गाडीत नेमकं काय करतात ते सांग म्हटल्यावर भाचा दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "ओढ, मामा. डिझेलला ओढ जास्त."

पुस्तकात याला पीळ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ओढ हा शब्द त्याच्याहून चांगला आहे.

एवढ्यात दाजी आले. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, दोन्ही गाड्या पाहिल्या आणि विचारलं, "दात पाहिले का?"

"गाडीला दात कुठं राहते, अण्णा?"

"मंग वय कसं कळलं तुला?"

दाजींनी जन्मभर बैल पारखले. बैल घ्यायचा तर आधी जबडा उघडायचा. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की 'जुळला'. तोवर वय लपत नाही. एकदा जुळला की पुढचं सगळं व्यापाऱ्याच्या इमानावर. मग शिंगं साळून, तेल लावून, झूल टाकून दहा वर्षांचा बैल सहाचा म्हणून बाजारात उभा राहतो. गाडीचंही पाच-सहा वर्षांनंतर असंच होतं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं. दाजींचं पुढचं बोलणं मी जसंच्या तसं देतो: "बैल दोन तऱ्हेचा राहतो. एक पटाचा, एक औताचा. पटाचा वर्षभर खातो अन्‌ काही सेकंद पळतो. औताचा वर्षभर राबतो अन्‌ पोळ्याला एक दिवस मिरवतो. तुला कोणता पाहिजे ते ठरव."

भाचा म्हणाला, "दोन्ही एकात."

दाजी हसले. शंकरपटाचा त्यांना भारी नाद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी महिनाभर घरात नीट जेवण केलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, तोवर त्यांची जोडी म्हातारी झाली होती. त्यामुळे पेट्रोल म्हणजे पटाचा बैल आणि डिझेल म्हणजे औताचा, एवढं त्यांनी एका मिनिटात ठरवलं आणि मन मात्र पटाकडे लागलं. मी डिझेलच्या बाजूचा.

त्याला कारण आमच्या विहिरीवरचं इंजिन. काळं, लिस्टर पद्धतीचं, दोन मोठाली चाकं असलेलं. मिनिटाला ६५० फेरे, म्हणजे ठोके मोजता येतील इतकं सावकाश. वडील एका हाताने खटका उचलून दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे, चाकांनी वेग घेतला की खटका सोडायचे, आणि ते एकदा खोकून चालू पडायचं. मग दिवसभर टुक, टुक, टुक. घरात अंथरुणावर पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं की पंपाने पाणी सोडलं. ओझं गेलं की इंजिनाचा सूर हलका व्हायचा. वडील झोपेतून उठायचे ते त्या सुरातल्या बदलाने. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला १९४६ साली. पुढे वीज येईपर्यंत महाराष्ट्रातल्या कित्येक विहिरींवर असा टुक टुक आवाज पाण्याच्या आधी यायचा. डिझेलचा वास आला की मला अजून मोटेची धाव, ओला हरभरा आणि वडिलांचं धोतर आठवतं. मास्तरकी करून माणसाने अशा कारणावरून गाडी निवडू नये हे मान्य. पण मी माझं कारण सांगितलं, भाच्याने त्याचं अजून सांगितलं नव्हतं.

शिवाय डिझेल इंजिन गरिबाचं, काहीही पाजा चालतं, अशी माझी समजूत. तिला थोडा इतिहासाचा आधारही आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे मी मोठ्या तोऱ्यात आमच्या मिस्तरींना सांगितलं. ते ट्रॅक्टरच्या पोटाखाली होते, तिथूनच म्हणाले, "गुरुजी, शेंगदाण्याचं तेल आता चटणीतच बरं."

मग हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी माझी अर्धशतकाची समजूत पाच मिनिटांत उतरवून ठेवली. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार दाबाची हवा असते. या करड्या गाडीच्या इंजेक्टरपर्यंत डिझेल जातं ते दीड हजार बारच्या वर. इंजेक्टरची भोकं केसासारखी बारीक. कॅनमधलं, तळाशी पाणी बसलेलं डिझेल विहिरीवरचं इंजिन मुकाट्याने पिऊन घ्यायचं. ही गाडी एका घोटात आजारी पडते आणि चार इंजेक्टर, एक हाय प्रेशर पंप असं बिल हातात देते. "जुनं डिझेल म्हणजे गडी होता गुरुजी, नवं डिझेल म्हणजे जावई. खातो कमी, पण बघून वाढावं लागतं."

आणि त्यापुढची, २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ डिझेल तर आणखी मानी. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात पळवावी लागते. घर ते शेत, शेत ते बाजार एवढीच फेरी असेल तर जाळी तुंबते. म्हणजे डिझेल हे शेतकऱ्याचं इंधन, ही जुनी म्हण गाडीच्या बाबतीत उलटी झाली: शेतावर जाणाऱ्यानं ते घेऊ नये. २०२० मध्ये स्कोडाने आणि मारुतीने भारतात डिझेल बंदच केलं. करडी तिच्या कुळातली शेवटची पिढी.

आता हिशेब. जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तो मांडला. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ धरू. पळवायचीच म्हटल्यावर पांढरी लिटरला १२ किलोमीटर देईल, करडी १६. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ८ रुपये ७५ पैसे, डिझेलचे ५ रुपये ७५ पैसे. फरक बरोबर ३ रुपये. भाचा वर्षाला ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त हिंडेल असं त्याच्या आईशिवाय कुणाला वाटत नाही. वर्षाचे वाचले १८,०००. डिझेलला वरचे मोजायचे एक लाख. ते फिटायला साडेपाच वर्षं. तोवर गाडीची पंधरा वर्षं उलटून जातील आणि तिला आरटीओपुढे पुन्हा पासिंगला उभं राहावं लागेल.

एके काळी हे गणित इतकं चुरशीचं नव्हतं. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. डोळे मिटून डिझेल घ्यावं असे ते दिवस. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या भावाचं बोट सोडलं, आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत ते काही दिवस पेट्रोलहून महाग विकलं गेलं.

उत्तर लख्ख होतं: पेट्रोल. भाच्याचा चेहरा उजळला. आणि तिथेच मला वास आला. गणित सुटल्यावर पोराचा चेहरा उजळतो तो वेगळा. पुस्तकामागचं उत्तर आधीच पाहून ठेवलेल्या पोराचा वेगळा. मी मुद्दाम म्हटलं, "पण वर्षाला १५,००० किलोमीटर झाले तर?" त्याने झटकन खतांच्या, बियाण्यांच्या, मुंबईच्या फेऱ्या वजा करायला सुरुवात केली. "मुंबईला रेल्वेनंच बरं, मामा."

बैलबाजारात सौदा बोलून होत नाही, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरून आकडे सांगतात. भोवती दहा माणसं उभी असतात, त्यांना फक्त उपरणं हललेलं दिसतं. माझी ती पाठकोरी उत्तरपत्रिका म्हणजे भाच्याचं उपरणं होतं. वर तीन रुपयांचा फरक, साडेपाच वर्षं, इंजेक्टरचं बिल. खाली बोटं भलताच आकडा सांगत होती. त्याला पेट्रोलचा आवाज आवडला होता. चार हजार फेऱ्यांपुढे ती जी वरच्या पट्टीत जाते, तो आवाज त्याने कुणाच्या तरी गाडीत बसून एकदा ऐकला होता, आणि बाकी सगळं शास्त्र त्यानंतर जमवलं होतं. मला टुक टुक, त्याला हे. मी त्याला बोललो नाही. स्वतःचं उपरणं मी कुठे बाजूला केलं होतं?

तरी करडी पाहायला गेलोच. भोकरदनच्या बाजूने जाताना केळना ओलांडली. हीच केळना खाली आमच्या गावी पूर्णेला मिळते, आणि हिच्याजवळच असई. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली ती तिथे. शाळेत मी ही लढाई कैक वेळा शिकवली, पण त्यातला घोडा कधी शिकवला नव्हता. वेलस्लीच्या बुडाखाली त्या दिवशी डायोमेड नावाचा अरबी घोडा होता आणि तो सेकंडहँड होता. आधीचा मालक एक कर्नल. तो १७९८ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला आणि घोडा मृत्युपत्राने वेलस्लीला देऊन गेला. फर्स्ट ओनर मयत, ट्रान्सफर वारसाहक्काने, एनओसीची कटकट नाही. आमच्या जिल्ह्यातलं नोंद झालेलं पहिलं वापरलेलं वेगवान वाहन हेच असावं, असं मी गाडीत जाहीर केलं. त्या घोड्याला असईत भाला लागला. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल माऱ्यात पडले आणि तोफा मागेच राहिल्या. "म्हणजे पटाचा जखमी अन्‌ औताचा ठार," दाजी म्हणाले. "दोन्हीत धोकाच."

याच लढाईतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ गावं वसली म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. होता. पेट्रोल आणि डिझेल या दोन काठांमधला उतार म्हणजे टर्बो. पूर्वी पेट्रोल गाडीला खालच्या फेऱ्यांत ओढ नसायची आणि डिझेलला वर दम नसायचा. या पांढऱ्या गाडीचे २५० न्यूटन मीटर १,२५० फेऱ्यांपासूनच मिळायला लागतात. करडीचे ३२० मिळतात १,७५० पासून. दुसरीकडे डिझेलने तर शर्यतीतही नाव काढलं: २००६ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल गाडीने जिंकली. भांडण केव्हाच मिटलंय, पण दोन्ही काठांवरचे लोक अजून एकमेकांना हाका मारून भांडतात. त्यांना उतार सापडला तर करमणार कशावर?

करडी उन्हात उभी होती, चकचकीत. विकणारा जुन्या गाड्यांचा व्यापारी. गोड बोलणं, हातात दोन मोबाइल. मिस्तरींनी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं होतं. जुनी गाडी थंडच चालू करून पाहायची असते. सकाळचा पहिला खोकला, पहिला धूर खोटं बोलत नाही. मग त्यांनी तेलाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. ते टणाटण उडायला लागलं, तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखं. बॅक कॉम्प्रेशन. मीटरवर ५८,००० किलोमीटर. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं तेल लावलेल्या डोक्यासारखं चमकत होतं. पासिंग दिल्लीचं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडे म्हातारी ठरलेली गाडी इकडे नवरी होऊन येते. वरून इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा, तो वेगळाच.

दाजी खाली वाकून पेडलकडे बघत होते. उठून म्हणाले, "शिंगं साळलेली आहेत."

भाच्याचा चेहरा पडायला हवा होता. तो उजळला.

परत येताना भाचा अगदी उदार मनाने म्हणाला, "तसं पेट्रोलमध्ये पण भानगड आहे, मामा. आता त्यात २० टक्के इथेनॉल राहतं." खरं होतं. जुन्या गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत. चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, रबरी नळ्यांवर डोळा ठेवावा लागतो ते वेगळं. हे इथेनॉल आता उसाइतकंच मक्यापासूनही होतं. आमच्या दाजींचा मका दरवर्षी तीन एकर. "म्हणजे माझा मका माझ्याच पोराच्या गाडीचे पाइप खाणार?" दाजींनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मक्याला यंदा भाव बरा होता.

पांढरी जालन्यातल्या एका डॉक्टरांची. सकाळी सातला गेलो, बोनेट थंडगार. चावी फिरवली, एकदा घसा साफ केल्यासारखं झालं आणि इंजिन इतकं शांत चालायला लागलं की दाजींनी बंद पडलं समजून पुन्हा चावी फिरवायला सांगितलं. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेवार लावलेली फाइल. प्रत्येक पावतीवर किलोमीटर लिहिलेले, चढत्या क्रमाने. ही फाइल म्हणजे गाडीचे दात. मिस्तरींनी खाली शिरून चेंबर पाहिला, दोन ओरखडे होते, त्यांचंही वेल्डिंग नव्हतं. गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. तो चढावर, उतारावर, गर्दीत असा तासभर चालवून पाहिला. या एका कलमात डिझेलवालीचा सहा गिअरचा, तेलात बुडालेला क्लच मिस्तरींना जास्त पसंत होता, तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. भाच्याने ते ऐकलं नाही. तो चार हजारांच्या पुढे गेला होता.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "शेतात नेणार नाही ना?"

"छे, छे," भाचा म्हणाला. मी आणि दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग भाव. डॉक्टर माणूस भिडस्त, भाचाही मामासमोर आकडे बोलायला लाजणारा. दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसले आणि मोबाइलवर एकमेकांना आकडे पाठवायला लागले. खोलीत आवाज नाही, फक्त मधूनच टुणकन. एकाने पाठवलं की दुसरा कपाळाला आठ्या घालायचा, काहीतरी टाइप करायचा. दाजींनी मला कोपराने ढोसलं. सौदा सातव्या टुणकन्‌ला झाला.

येताना भाच्याने आम्हाला हट्टाने समृद्धी महामार्गावरून नेलं. जालन्याला चढायचं, सिंदखेड राजाला उतरायचं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यातला आमच्या वाट्याचा हा तुकडा. मोटारींना मर्यादा १२०. भाच्याने गिअर टाकला, ती वरच्या पट्टीत गेली, खरंच सुंदर आवाज होता, आणि मोजून काही सेकंदांत काटा १२० वर. तिथे त्याला पाय आवरावा लागला. पुढचा सगळा रस्ता १८० घोड्यांपैकी बहुतेक घोडे चंदी खात उभे होते. बाजूने एक जुनी डिझेल बोलेरो बऱ्यापैकी तेवढ्याच वेळात तेवढ्याच ठिकाणी पोचत होती. मागच्या सीटवर दाजी झोपले होते.

गाडी सध्या शेतावरच असते, विहिरीशेजारच्या इंजिनघरात. घरासमोर पोरं ओरखडे काढतात म्हणून. जुनं इंजिन कोपऱ्यात सरकवून तिला जागा केली, ते सरकवायला चार माणसं लागली. नेटला ताईने स्वतः ठिगळ लावलं. भाचा रोज मोटारसायकलने शेतावर जातो, गाडी चालू करतो, पाच मिनिटं आवाज ऐकतो, बंद करतो आणि मोटारसायकलने परत येतो. या महिन्यात तिचे किलोमीटर झाले ४०.

तेव्हा कुणाला जालन्याला जायचं असेल तर खुशाल सांगा, दोन जागा रिकाम्या असतात. पाऊण तासात सोडतो म्हणतो. पेट्रोल अर्धं-अर्धं.